कॅथलिक शाळेने तिसरीच्या मुलाकडून काय मागावे?

मूल्यशिक्षणाच्या एका घटक चाचणीत तिसरीच्या मुलांना प्रश्न होता : ‘तुमच्या मित्राने डबा आणला नसेल, तर तुम्ही काय कराल?’ प्रश्नाला दोन गुण होते. बहुतेक मुलांनी ‘मी त्याला माझा डबा देईन’ असे लिहिले आणि दोन गुण मिळवले. एका मुलाने मात्र लिहिले होते, ‘मी त्याला विचारीन की तू डबा का नाही आणला. मग अर्धी पोळी देईन. भाजी भेंडीची असली तर सगळी देईन.’ त्याला एक गुण मिळाला आणि समासात लाल शाईने शेरा : ‘उत्तर मुद्देसूद लिहावे.’ तो गुण कापणारी आणि शेरा लिहिणारी वर्गशिक्षिका मीच होते. वसईतल्या, चर्चच्या आवारातल्या एका मराठी शाळेत मी तेव्हा नुकतीच रुजू झाले होते. नमुना उत्तरे छापून आली होती आणि त्यांत भेंडीचा उल्लेख नव्हता.

त्या चाचणीतली दुसरी गोष्ट मला बऱ्याच वर्षांनी खुपू लागली. वर्गातली सहा-सात मुले तो प्रश्न स्वतः वाचूच शकत नव्हती. मी तो मोठ्याने वाचून दाखवला, त्यांना तोंडपाठ असलेले उत्तर आठवले आणि त्यांनी ते जमेल तसे उतरवले. त्यांना पुरे गुण मिळाले. ज्याने प्रश्न वाचला, समजून घेतला, स्वतःच्या डब्याकडे पाहून विचार केला आणि खरे लिहिले, त्याचा गुण गेला. ज्यांना वाचता येत नव्हते, ती मुले प्रगतिपुस्तकात परोपकारी ठरली. वाचता न येणे ही बाब त्या प्रगतिपुस्तकात कुठे नोंदवलेलीच नव्हती.

कॅथलिक शाळेने प्राथमिक वर्गांसाठी कोणती शैक्षणिक ध्येये ठेवावीत, या प्रश्नाचा विचार मला या एका चाचणीपासूनच करावासा वाटतो, कारण आपल्या शाळांची मूळ चूक तिच्यात उघडी पडलेली आहे. शाळांच्या दर्शनी भिंतीवर संगमरवरी पाटीत ध्येयवाक्य असते, आणि त्यात श्रद्धा, सेवा, शिस्त, उत्कृष्टता आणि ‘सर्वांगीण विकास’ हे शब्द असतातच. (हा शेवटचा शब्द मी स्वतः किमान वीस वार्षिक अहवालांत लिहिला असेल; त्याचा अर्थ काय, असे मला कोणीही विचारले नाही.) माझे म्हणणे असे आहे की ही ध्येये दोन वेगवेगळ्या वह्यांत लिहिली पाहिजेत. वाचन, लेखन, अंकज्ञान, आजूबाजूच्या जगाची समज यांची अपेक्षा मुलाकडून करावी, ती नेमकी ठरवावी, तपासावी आणि मूल तिथवर पोहोचले नाही तर दोष शाळेने स्वतःकडे घ्यावा. दया, प्रामाणिकपणा आणि श्रद्धा यांची अपेक्षा मात्र संस्थाचालक, मुख्याध्यापक आणि शिक्षक यांच्याकडून करावी. मुलाला त्या वातावरणात वाढू द्यावे आणि त्याबद्दल त्याला गुण देऊ नयेत. आज बहुतेक ठिकाणी या वह्यांची अदलाबदल झालेली आहे. मुलाच्या दयाळूपणाला श्रेणी मिळते, आणि त्याच्या वाचनाची जबाबदारी घराकडे किंवा शिकवणीकडे सोपवली जाते.

वसईचे उदाहरण मी घेते ते माझे गाव म्हणून, आणि हा प्रश्न इथे जितका गुंतागुंतीचा होतो तितका फार थोड्या ठिकाणी होत असेल म्हणूनही. १५३४ मध्ये हा प्रदेश पोर्तुगिजांकडे गेला, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी तो जिंकून घेतला, आणि या दोन सालांच्या दरम्यान ख्रिस्ती झालेली इथली गावे राज्य बदलल्यानंतरही ख्रिस्तीच राहिली. पण त्यांच्या घरातली भाषा कधी पोर्तुगीज झाली नाही. उत्तरेकडच्या कुपारी समाजात सामवेदी, म्हणजेच कादोडी, बोलली जाते, दक्षिणेकडे वाडवळी. १९९८ मध्ये मुंबईपासून वेगळा होऊन वसई धर्मप्रांत स्थापन झाला, आणि त्याच्या शाळा व वसतिगृहे किनाऱ्यावरच्या बागायती गावांपासून पालघरच्या डोंगरी, आदिवासी तालुक्यांपर्यंत पसरलेली आहेत. तिथल्या मुलाची भाषा वारली असते. वसई-विरारच्या नव्या वस्त्यांतून येणारी मुले हिंदी, भोजपुरी, गुजराती बोलत येतात. अशा शाळेच्या पहिलीच्या वर्गात साठ मुले बसली तर त्यांतल्या फार थोड्यांची घरची बोली पाठ्यपुस्तकातल्या भाषेशी जुळते, आणि कित्येक शाळांत कॅथलिक मुले वर्गात अल्पसंख्य असतात. ‘कॅथलिक शाळेची ध्येये’ म्हणजे ‘कॅथलिक मुलांसाठीची ध्येये’ असे समीकरण मांडणाऱ्याने हा वर्ग एकदा डोळ्यांनी पाहावा.

आता वाचनाकडे येते, कारण माझ्या मते इथेच या शाळांची खरी परीक्षा आहे. केंद्र सरकारने ५ जुलै २०२१ रोजी ‘निपुण भारत’ अभियान सुरू केले, आणि तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे व पायाभूत गणित यावे, यासाठी २०२६-२७ पर्यंतची मुदत ठरवली. त्यातली लक्ष्ये मुद्दाम साधी ठेवलेली आहेत. पहिलीच्या मुलाने चार-पाच सोप्या शब्दांचे अनोळखी वाक्य वाचावे. दुसरीच्या मुलाने मिनिटाला ४५ ते ६० शब्द वाचावेत. तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द अर्थासह वाचावेत आणि ९९९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात. शब्दांची ही मोजणी काहींना यांत्रिक वाटते. मलाही सुरुवातीला वाटली. पण मिनिटाला वीस शब्द वाचणारे मूल वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत त्याची सुरुवात विसरलेले असते, हे ज्याने शेजारी बसून ऐकले आहे त्याला या आकड्यामागचा विचार पटतो. ग्रामीण मुलांचे वाचन आणि गणित तपासणाऱ्या ‘असर’च्या पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांत, तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणाऱ्यांचे प्रमाण २०२२ मध्ये १६.३ टक्के होते आणि २०२४ मध्ये ते २३.४ टक्के झाले. असे आकडे प्रसिद्ध झाले की आमच्या शिक्षकखोल्यांत सरकारी शाळांविषयी हळहळ व्यक्त होते. मात्र तोच दुसरीचा उतारा घेऊन आपल्या तिसरीच्या एकेका मुलाजवळ बसावे, असे आमच्यापैकी कोणाला फारसे सुचत नाही. पांढरा गणवेश, वेळेवर होणारी घंटा आणि रांगेत चालणारी मुले यांच्याकडे पाहून आपली मुले वाचत असणारच, असे आम्ही गृहीत धरतो.

मी ज्या आवारात शिकवत होते, तिथे पुढे इंग्रजी माध्यमाच्या तुकड्या निघाल्या आणि काही वर्षे मी तिकडेही शिकवले. तिथे ही समजूत आणखी फसवी होती. दुसरीचा एक मुलगा इंग्रजीतला धडा न अडखळता वाचायचा : ‘द फार्मर सोज द सीड्स इन हिज फील्ड.’ उच्चार स्वच्छ, वेग उत्तम. मी विचारले, शेतकरी काय करतो आहे? तो गप्प. ‘सीड्स म्हणजे काय?’ त्याने पुन्हा तेच वाक्य वाचून दाखवले. मग मी विचारले, ‘तुझे बाबा वाडीत काय करतात?’ आणि तो सुरू झाला. केळीचे कोंब कधी काढायचे, त्यांना किती अंतर सोडायचे, बावखलाचे पाणी पाटाने कसे फिरवायचे, त्या पाण्यात उतरल्यावर आई का ओरडते, हे सगळे त्याने हातवारे करत घरच्या बोलीत सांगितले. परिसर अभ्यासाच्या दुसरीतल्या कोणत्याही धड्यापेक्षा त्याला अधिक माहीत होते. पण शाळेच्या दृष्टीने त्याच्या या ज्ञानाला भाषा नव्हती, आणि जी भाषा शाळेने त्याला दिली होती तिच्यात त्याच्यासाठी ज्ञान नव्हते. ‘पॉण्ड’ची व्याख्या त्याला पाठ होती. घरामागचे बावखल म्हणजे पॉण्डच, हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

इंग्रजी हवे, ही पालकांची मागणी मी खोटी मानत नाही. ज्या बापाला मुंबईच्या कचेरीत इंग्रजी न आल्यामुळे खाली मान घालावी लागली, तो आपल्या मुलाला इंग्रजी शाळेत घालतो तेव्हा त्याला मातृभाषेचे पोवाडे ऐकवणे हा उद्धटपणा आहे, विशेषतः ऐकवणाऱ्याची स्वतःची मुले इंग्रजी शाळेत शिकलेली असताना. माझा आग्रह माध्यम बदलण्याचा नाही. ज्या भाषेत मूल विचार करते, ती वर्गात बोलायला बंदी नसावी. तिसरी संपेपर्यंत इंग्रजी माध्यमातल्या मुलालाही मराठी गोष्टीचे पान अर्थासह वाचता यावे. आणि इंग्रजी आधी ऐकून-बोलून, मग वाचून शिकवले जावे, एवढीच अपेक्षा ठेवावी असे माझे म्हणणे आहे. सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी शिकवणे २०२०च्या राज्य कायद्याने सक्तीचे केलेच आहे. पण कायद्यापुरते मराठी शिकवणे आणि मुलाला मराठीतून जग दाखवणे यांत फार अंतर आहे. उलट दिशेचा मोहही टाळायला हवा. एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य करण्याचा शासन निर्णय निघाला आणि जूनअखेर सरकारला तो मागे घ्यावा लागला, त्या काळात चर्चा अस्मितेची झाली. कादोडी किंवा वारली बोलणाऱ्या सहा वर्षांच्या मुलासाठी प्रमाण मराठी हीच दुसरी भाषा असते, इंग्रजी तिसरी आणि हिंदी चौथी, ही साधी गोष्ट त्या गदारोळात फारशी कोणी बोलली नाही. माझ्या मराठी शाळेतल्या ज्या सहा-सात मुलांना डब्याचा प्रश्न वाचता आला नव्हता, त्यांची अडचण हीच होती. तिथे शाळेचे माध्यम मराठी असून भागले नव्हते.

हा आग्रह कॅथलिक परंपरेला बाहेरून जोडलेला नाही. शिक्षकांचे आश्रयदाते म्हणून चर्च ज्यांना मानते, ते संत जॉन बॅप्टिस्ट दे ला साल सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समधल्या कारागिरांच्या आणि गरिबांच्या मुलांसाठी मोफत शाळा काढत होते. त्या काळी मुलांना वाचायला शिकवायचे ते लॅटिनमधून, अशी रीत होती. दे ला साल यांनी ती मोडली आणि मुलांना आधी फ्रेंच वाचायला शिकवावे असे ठरवले. त्यांचा युक्तिवाद व्यवहारी होता : गरिबाचे मूल शाळेत थोडीच वर्षे राहते, तेवढ्या काळात ज्या भाषेचा त्याला अर्थ कळतो तिच्यात ते वाचायला शिकले नाही, तर शाळा सोडताना त्याच्या हाती काहीच उरत नाही. त्यांच्या बंधुसंघाच्या शाळांसाठी लिहिलेली आणि १७२० मध्ये छापलेली मार्गदर्शिका चाळली तर वाचनाच्या पायऱ्या, प्रत्येक पायरीवर मूल किती काळ असावे, त्याला पुढे केव्हा न्यावे, याचा काटेकोर विचार तिच्यात दिसतो. संताच्या कल्पनेतली कॅथलिक प्राथमिक शाळा ही अशी होती. तिच्यात प्रार्थना होतीच, पण प्रार्थना होते म्हणून वाचन ढिले पडलेले चालेल, असे तिथे कोणाला वाटत नव्हते.

आपल्याकडचे उदाहरण त्याहूनही जुने आहे. १५७९ मध्ये गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी इथल्या लोकांची भाषा शिकून १६१६ मध्ये मराठी ओवीत ‘ख्रिस्तपुराण’ सिद्ध केले, आणि त्याची आठवण आपण कौतुकाने काढतो. त्यांनी कोंकणीत प्रश्नोत्तररूपाने धर्मशिक्षणाचे पुस्तकही लिहिले, जे त्यांच्या मृत्यूनंतर, १६२२ मध्ये गोव्यातल्या रायतूरला छापले गेले. मुलांना आणि नव्याने शिकणाऱ्यांना धर्म सांगायचा तर त्यांच्या जिभेवरच्या शब्दांतच सांगावा लागतो, हे परदेशातून आलेल्या त्या माणसाला कळले होते. पुढे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेत लोकभाषांना वाट मोकळी करून दिली, आणि वसईच्या वेदीवरची भाषा लॅटिनवरून मराठीवर आली. या मातीने पुढे नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो दिले, ज्यांनी बायबल सुबोध मराठीत आणले आणि २०२०च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले. नेमक्या त्याच काळात त्याच आवारांतल्या शाळा मराठीकडून इंग्रजीकडे सरकत गेल्या, आणि मराठी शाळांचा पट ओसरत गेला. रविवारी मराठी मिस्साला गुडघे टेकणारे मूल सोमवारी वर्गात मराठी बोलले म्हणून दंड भरते, ही विसंगती आमच्या चर्चमंडळांना अजून टोचत नाही, याचे मला नवल वाटते.

धर्मशिक्षणाच्या ध्येयांबद्दल थोडक्यात, पण स्पष्ट लिहायला हवे. संविधानाच्या ३०व्या कलमाने अल्पसंख्याकांना आपल्या शाळा काढण्याचा व चालवण्याचा हक्क दिला. २८व्या कलमाच्या तिसऱ्या उपकलमाने सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेतल्या कोणत्याही मुलाला पालकाच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला वा उपासनेला बसवता येणार नाही, असे बजावले. ही दोन्ही कलमे एकाच आवारात नांदतात. त्यामुळे ठरावीक तासाला कॅथलिक मुले धर्मशिक्षणाला आणि बाकीची मूल्यशिक्षणाला, अशी विभागणी होते. कायद्याच्या दृष्टीने ती निर्दोष आहे. आठ वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने मात्र तिचा अर्थ एवढाच होतो की आठवड्यातून दोनदा आपला बेंचमित्र उठून दुसऱ्या खोलीत जातो आणि तिथे जे चालते ते आपल्यासाठी नसते. भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने २०२४ मध्ये आपल्या शाळांना सूचना दिल्या, की इतर धर्मांच्या विद्यार्थ्यांवर ख्रिस्ती प्रथा लादू नयेत आणि परिपाठाला संविधानाची उद्देशिका म्हणावी. त्या सूचना भोवतालच्या दडपणातून आल्या असे काहींचे मत आहे, आणि ते अगदीच चुकीचे नसेल. पण त्या दडपणाशिवायही याव्यात इतक्या त्या योग्य होत्या.

कॅथलिक मुलांच्या धर्मशिक्षणातसुद्धा ध्येय कसे ठरवावे याचा धडा चर्चनेच घालून दिला आहे. १९१० मध्ये पोप दहावे पायस यांनी पहिल्या ख्रिस्तप्रसादाचे, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर मुलाने प्रथम घेण्याचे, वय साधारण सात वर्षांवर आणले. त्यासाठी मुलाला संपूर्ण धर्मतत्त्वे मुखोद्गत असण्याची अट त्यांनी ठेवली नाही. साधी भाकर आणि ख्रिस्तप्रसाद यांतला फरक त्याला कळावा आणि श्रद्धेतल्या मुख्य गोष्टी त्याच्या कुवतीप्रमाणे समजाव्यात, एवढेच मागितले. पाठांतराच्या जागी समज, आणि तीही वयाला झेपेल इतकीच. शंभर वर्षांनंतर आमच्या धर्मग्रामांतली (पॅरिशमधली) तयारी मात्र पुष्कळदा प्रार्थना घडाघडा म्हणून दाखवण्याच्या परीक्षेवर येऊन ठेपते. येशूने शेजारी कोण, या प्रश्नाला व्याख्या दिली नाही. वाटेत जखमी पडलेल्या माणसाला दोघे टाळून गेले आणि तिसऱ्या, परक्या शोमरोन्याने मदत केली, ही चांगल्या शोमरोन्याची गोष्ट सांगितली आणि शेवटी विचारणाऱ्यालाच उलट विचारले, की या तिघांपैकी शेजारी कोण ठरला? ही गोष्ट हिंदू, मुसलमान, बौद्ध, कॅथलिक मुलांनी एका वर्गात बसून ऐकावी, तिच्यावर वाद घालावा, जखमी माणसाला टाळून जाणारे दोघे का थांबले नसतील याची कारणे शोधावीत. तो भाषेचा तास होईल आणि मूल्यांचाही. त्यावर घटक चाचणी घेऊ नये, एवढी माझी विनंती आहे.

मग मूल्यांचे काय, त्यांची तपासणी कुठे करायची? शाळेच्या प्रवेश-नोंदवहीत करावी. शिक्षण हक्क कायद्यातल्या, गरीब व वंचित मुलांसाठीच्या पंचवीस टक्के जागांच्या तरतुदीतून अल्पसंख्याक शाळांना सूट मिळते, कारण २०१४च्या प्रमती खटल्याच्या निकालाने हा कायदाच त्यांना लागू नाही असे ठरवले. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्याच दोन न्यायाधीशांच्या पीठाने त्या निकालाबद्दल शंका व्यक्त केली आणि प्रश्न मोठ्या पीठापुढे जावा म्हणून सरन्यायाधीशांकडे पाठवला. न्यायालय काय ठरवायचे ते ठरवील. अल्पसंख्याक संस्थांच्या स्वायत्ततेवर घाला येऊ नये, या मताची मीही आहे. पण कायद्याने सूट दिली म्हणून कॅथलिक शाळेला गरिबाच्या मुलापासूनही सूट मिळते का? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी शिक्षणावर जे घोषणापत्र काढले, त्यात गरिबांची, घराच्या मायेला पारखी झालेल्यांची आणि ज्यांच्यापर्यंत ही श्रद्धा पोहोचलेली नाही त्यांचीही काळजी घेण्याचे आवाहन कॅथलिक शाळांना केलेले आहे, आणि कॅथलिकेतर मुले जिथे शिकतात अशा शाळांचा खास आपुलकीने उल्लेख आहे. ज्युनिअर केजीच्या प्रवेशासाठी आईवडिलांना बोलावून त्यांचे इंग्रजी जोखणारी शाळा हे घोषणापत्र वाचून दाखवू शकेल का, असा प्रश्न मी एका बैठकीत विचारला होता. पुढच्या बैठकीचे निमंत्रण मला आले नाही.

शाळेच्या दर्जाबद्दलही चर्चचा नियम कडक आहे. १९८३च्या चर्च-कायद्याच्या ८०६व्या कलमात म्हटले आहे की कॅथलिक शाळेतले अध्यापन परिसरातल्या इतर शाळांच्या किमान बरोबरीचे असले पाहिजे, आणि ही काळजी शाळाप्रमुखांनी बिशपांच्या देखरेखीखाली घ्यायची आहे. हे कलम बहुधा दहावीच्या निकालाच्या टक्केवारीने पूर्ण झाले असे मानले जाते. पण दहावीचा निकाल ही शेवटपर्यंत टिकलेल्या मुलांची गोष्ट असते. पाचवीत, सातवीत गळालेले, ‘शाळा झेपत नाही’ म्हणून दाखला घेऊन गेलेले मूल त्या टक्केवारीत येत नाही, आणि त्याची गळती प्रत्यक्षात तिसरीत, वाचनाच्या पुस्तकावर, सुरू झालेली असते. म्हणून दर्जाची मोजणी वर्गातल्या पहिल्या पाच मुलांऐवजी शेवटच्या पाच मुलांवरून करावी, असे मला वाटते. नव्व्याण्णव मेंढरे रानात ठेवून हरवलेल्या एकाच्या मागे जाणाऱ्या मेंढपाळाची गोष्ट ज्या संस्थेच्या भिंतीवर रंगवलेली असते, तिला हे मोजमाप परके वाटू नये.

या मोजमापाला एक वाजवी आक्षेप आहे. लक्ष्य ठरले की शिक्षक लक्ष्यासाठी शिकवू लागतात; मिनिटाला साठ शब्द म्हटले की मुलांना घड्याळ लावून पळवले जाते. हे घडते, मी पाहिले आहे. त्यावरचा उपाय लक्ष्य काढून टाकणे हा नाही, कारण लक्ष्य नसलेल्या शाळेत ती सहा-सात मुले वर्षानुवर्षे कोणाच्याच नजरेस पडत नाहीत. उपाय असा की वाचनानंतर दोन प्रश्न विचारावेत, ज्यांची उत्तरे मजकुरात जशीच्या तशी सापडणार नाहीत. उत्तर मुलाने कोणत्याही भाषेत द्यावे. आणि त्याची नोंद शिक्षकाच्या वहीत राहावी, मुलाच्या प्रगतिपुस्तकावर लाल शाईने जाऊ नये. गणितातही तसेच. ९९९९ पर्यंतच्या संख्या लिहिता येणारे मूल बाजारात पन्नासच्या नोटेतून साडेसदतीस वजा करून किती परत यायला हवेत ते सांगू शकते का, हे विचारावे. वसईच्या भाजीवाल्यांच्या मुलांना ते बहुधा येते, आणि वहीतली वजाबाकी येत नाही; त्यांच्या बाबतीत शाळेचे काम नवे शिकवण्याचे कमी, आणि त्यांना येतच असलेले कागदावर आणण्याचे जास्त आहे.

प्रगतिपुस्तकातला मूल्यांचा रकाना मी तर रिकामाच ठेवीन, किंवा त्या जागी वर्गशिक्षिकेने मुलाबद्दल स्वतः पाहिलेली एक गोष्ट दोन ओळींत लिहावी. ‘चिंचेच्या झाडाखाली पडलेले पिल्लू उचलून शिपाईमामांकडे घेऊन आला.’ ‘स्वतःचे खोडरबर हरवले तरी दुसऱ्यावर आळ घेतला नाही.’ साठ मुलांबद्दल अशा साठ गोष्टी लिहायच्या तर वर्षभर मुलांकडे पाहावे लागेल, आणि एखाद्या मुलाबद्दल लिहायला काहीच सुचले नाही, तर कमी पडले ते कोण, हे शिक्षकाला तिथल्या तिथे समजेल.

तिसरीच्या वाचनासाठी मात्र रकाना हवाच, आणि तो मुख्याध्यापकांनी स्वतः भरावा. डिसेंबरात, नाताळच्या सुट्टीआधी, त्यांनी तिसरीच्या प्रत्येक मुलाला एकटे बोलवावे, न शिकवलेले एक पान समोर ठेवावे, त्याने वाचलेले ऐकावे आणि दोन प्रश्न विचारावेत. एका मुलाला तीन मिनिटे पुरतात. साठ मुलांची तुकडी तीन तासांत होते. नाताळच्या कार्यक्रमाच्या रंगीत तालमीला आमच्या शाळेत याहून जास्त वेळ लागत असे.